तात्याचा पिंजरा: देवगडच्या दमट हवेत शॅमेलिऑन (प्रकल्प नोंदी, मे ते नोव्हेंबर २०२५)

११ मे

पुण्याचा मामेभाऊ कायमचा कॅनडाला चालला, म्हणून त्याचा व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा परदेशी सरडा, आता माझ्याकडे. नर, दीड वर्षाचा, शेपटीसकट दीड फूट, वजन १४२ ग्रॅम. डोक्यावर शंकूसारखा तुरा. नाव पुण्यातच पडलेलं: तात्या.

आधी कागद. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातली, सायटीसच्या (वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये येते. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये नियम आले, तेव्हापासून असा परदेशी प्राणी बाळगायचा तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद हवी. हस्तांतरही कळवावं लागतं. भावाची नोंद होती, हस्तांतराचा अर्ज भरून झाला. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याच्याकडून प्राणी घेऊ नये, फुकट दिला तरी.

पुण्याचा पिंजरा पुण्याच्या कोरड्या हवेसाठी केलेला आहे. इथे सगळं नव्याने मांडावं लागणार. माझा धंदा वायरिंगचा, त्यामुळे निम्मं काम घरचंच.

१४ मे

पिंजरा बांधायला घेतला. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच. उंची महत्त्वाची: हा झाडावरचा जीव, माणसाच्या नजरेच्या वर बसायला मिळालं की निवांत असतो. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यात तो सतत दबून राहतो आणि खाणं टाकतो.

जाळी कोणती लावायची यावर सकाळ गेली. खाडी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. खारा वारा गॅल्व्हनाइज्ड जाळीला दोन पावसाळे काढू देत नाही, आणि गंज सुटलेल्या जाळीवर हा पंजे रोवून चढणार. भावाच्या पिंजऱ्याची लाकडी चौकट इथे फुगणार हेही दिसतंच आहे. शेवटी स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या सेक्शनची चौकट करून घेतली. चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची मच्छर जाळी, स्क्रू स्टेनलेस. काचेची पेटी स्वस्तात मिळत होती, पण आपल्या हवेत काचेची पेटी म्हणजे आजाराला आमंत्रण.

तळाला माती नाही, भुसा नाही. नुसता प्लास्टिकचा ट्रे, कोपऱ्यात भोक, खाली बादली.

१५ मे

झाडं: मनी प्लांटच्या दोन कुंड्या, जास्वंदीची एक. व्हेल्ड जातीला पाला खायची सवय असते. तात्याने पहिल्याच दुपारी जास्वंदीचं पान कडेने कुरतडलं. जास्वंद चालते, फूलसुद्धा. कण्हेर आणि रुई मात्र पिंजऱ्याच्या आसपासही नको. आमच्या अंगणात दोन्ही आहेत, त्यामुळे आईला सांगून ठेवलं की पूजेच्या परडीतलं काही त्याला घालायचं नाही. कुंडीतली माती खाऊ नये म्हणून वर नदीतले गोटे पसरले, तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे.

१९ मे

आज दिवे. यात मला गती आहे म्हणून जरा सविस्तर.

दोन वेगळे दिवे लागतात आणि त्यांची कामं वेगळी. एक ऊब देतो: साधा ६० वॅटचा पिवळा बल्ब, जाळीच्या वर, एका कोपऱ्यात. त्याखालच्या फांदीवर २९ ते ३१ अंश हवेत. दुसरा अतिनील-बी किरण देणारी टी-५ ट्यूब. हे किरण कातडीवर पडले की शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडात जातं. नाहीतर हाडं मऊ पडतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा होतो, फांदीवरची पकड सुटते. पाळलेले शॅमेलिऑन हकनाक मरतात ते बरेचदा याच कारणाने.

घरातली एलईडी कितीही लख्ख असो, तिच्यातून हे किरण मिळत नाहीत. शेजारी म्हणतात खिडकीत ठेव, ऊन खाईल. खिडकीची काच अतिनील-बी अडवते. मच्छर जाळीसुद्धा साधारण तिसरा हिस्सा खाते. भावाने हे किरण मोजायचं मीटर दिलंय, त्यावर वरच्या फांदीवर अतिनील निर्देशांक ३ यावा अशी उंची जुळवली. ट्यूबवर आजची तारीख मार्करने लिहिली. ती दिसायला वर्षानुवर्षं तशीच पेटत राहते, पण किरण कमी होत जातात आणि डोळ्याला ते कळत नाही. वर्षाने बदलायचीच.

आमच्याकडे व्होल्टेज दुपारी २०० आणि मध्यरात्री २५० होतं. त्या हिशेबाने बल्बची ऊबही वरखाली होते. म्हणून बल्बला डिमर, फांदीवर थर्मामीटर, आणि दोन्ही दिव्यांना बारा तासांचा टायमर. रात्री पूर्ण अंधार. लाल बल्ब, निळा बल्ब काही नाही.

आईचा शेरा: "सरड्याक इतकी लाईट कित्याक रे? बिलाचा काय?"

२५ मे

मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने आज जाहीर केलं. एरवी जूनचा पहिला आठवडा उजाडतो. तयारीला दहा-बारा दिवस धरले होते, ते गेले.

पिंजऱ्यातला आर्द्रतामापक: ९४ टक्के.

२८ मे

शॅमेलिऑन पाळण्याची माहिती शोधली की पहिलं वाक्य असतं: दिवसातून दोन-तीनदा फवारा मारा, आर्द्रता वाढवा. ही माहिती लिहिणारे बहुतेक थंड देशांत हीटर लावलेल्या खोलीत बसलेले असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणी घालायचा प्रश्नच नाही, ते काढायचं कसं एवढाच प्रश्न आहे. येमेनच्या डोंगरात रात्री धुकं आणि दव असतं, पण दिवसा पान सुकतं. ही रात्रंदिवसाची अदलाबदल त्याला लागते. चोवीस तास ओल राहिली तर फुप्फुसं धरतात, पायांच्या तळव्यांना बुरशी येते.

हिशेब असा: २५ अंशांना ९५ टक्के दमट असलेली हवा ३१ अंशांपर्यंत तापवली की तीच हवा ६७ टक्क्यांच्या आसपास भरते. पाणी तेवढंच, पण गरम हवेत मावतं जास्त. म्हणजे वाळवणारं यंत्र बल्बच. जोडीला हवा हलती हवी. कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात बसवला, खोलीतली हवा बाहेर फेकणारा. तात्याच्या अंगावर झोत येणार नाही अशी दिशा. पंखा वायफाय राउटरच्या छोट्या बॅकअपवर जोडला, म्हणजे लाईट गेली तरी दोन-तीन तास चालतो.

आजचे आकडे: पहाटे ९४. दुपारी एक वाजता वरच्या फांदीपाशी ६८, तळाशी ८१. जमेल.

फवारा बंद. हाताने पंपही मारायचा नाही.

३१ मे

पण पाणी प्यायला तर हवं. वाटीतलं साठलेलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही. पानावरून हलणारा थेंब दिसला तरच पितो. मेडिकलमधून नवीन सलाइनचा सेट आणला. उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली पिंजऱ्यावर उलटी टांगली, नळीचं टोक मनी प्लांटच्या मोठ्या पानावर, चाक फिरवून दोन सेकंदांना एक थेंब. सकाळी दिवे लागल्यावर पाऊण तास.

पहिली वीस मिनिटं तो नुसता बघत होता. एक डोळा पानावर, दुसरा माझ्यावर. मग फांदीवर पुढेमागे झुलत, एक पाऊल टाकून थांबत, पानाशी आला. थेंब पानाच्या टोकाशी फुगला की जबडा हळूच उघडायचा, थेंब आत घ्यायचा, आणि डोळे आत ओढून चावल्यासारखं करत गिळायचा. मध्येच थांबला, मला वाटलं झालं. परत सुरू. पोटभर प्यायला.

तहान भागतेय का हे विष्ठेवरून कळतं. सोबत जो पांढरा घट्ट भाग पडतो तो पांढराच हवा. पिवळा-नारिंगी दिसला किंवा डोळे खोल गेले तर पाणी कमी पडतंय. तात्याचा पांढरा.

३ जून

अंधार पडला की मागच्या आंब्याच्या कलमांवर काजवे. खिडकीच्या जाळीची एक फट सिलिकॉनने बुजवली. काही जातींच्या काजव्यांत ल्युसिबुफॅजिन नावाचं विष असतं आणि पाळलेले सरडे एकाच काजव्याने दगावल्याची उदाहरणं आहेत. हा तर चमकणारं काहीही टिपेल.

१० जून

रातकिड्यांचं खातं.

बाहेरचे टोळ-नाकतोडे बंद. आमचा परिसर म्हणजे हापूसच्या बागा. तुडतुड्यांवर मोसमभर फवारण्या होतात, आणि पावसात भातावरही काही ना काही मारतातच. त्यामुळे घरीच पैदास. झाकणाला जाळी लावलेला प्लास्टिकचा क्रेट, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, अंडी घालायला ओल्या कोकोपीटचा डबा. पावसात पुठ्ठ्यावर बुरशी चढते, म्हणून आठवड्याला पुठ्ठे बदलायचे आणि खाद्य थोडं थोडंच टाकायचं.

रातकिडा स्वतः पोकळ असतो. त्याने जे खाल्लं तेच तात्याच्या पोटात जाणार. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजराच्या साली. हे खातं आईने आपणहून घेतलंय. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. देताना रातकिडे डब्यात घालून कॅल्शियमच्या भुकटीत हलवायचे. ही भुकटी ड-३ नसलेली. ड-३ आणि जीवनसत्त्वांची वेगळी भुकटी महिन्यातून दोनदाच, कारण तिचा अतिरेक झाला तरी गळ्याशी सूज येते, मूत्रपिंडावर भार पडतो. फोनवरचे सल्लागार सगळे जास्त घाला म्हणणारे.

प्रमाण: दिवसाआड पाच-सहा रातकिडे, मध्ये एखादी काळ्या सैनिक माशीची अळी. अळीत मुळातच कॅल्शियम भरपूर, तिला भुकटी लागत नाही. भुकेला दिसतो म्हणून रोज घातलं तर चरबी चढते. तो नेहमीच भुकेला दिसतो.

१४ जून

हुमले. पिंजऱ्याच्या पायावरून रांग. झोपलेल्या शॅमेलिऑनला मुंग्या चावून जेरीस आणतात आणि तो पळूही शकत नाही. जुन्या घरात फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, तीच युक्ती केली. पाण्यात डास होऊ नयेत म्हणून खोबरेल तेलाचा थर. स्टँड भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, नाहीतर वाट्यांना अर्थ नाही.

२ जुलै

वजन १४६. पकड घट्ट. विष्ठा ठीक. काही विशेष नाही.

२१ जुलै

परवापासून लाईट नाही, तार कुठेतरी झाडाखाली. पाऊस थांबत नाही. इन्व्हर्टरवर ट्यूब दिवसातले चार तास चालवतोय. माझा साइन वेव्हचा, म्हणजे लाइनच्या विजेसारखीच वीज देणारा आहे, म्हणून ट्यूबचा चोक नीट चालतो. साठ वॅटचा बल्ब मात्र परवडत नाही. आर्द्रता दिवसभर ९० च्या वर, फांदीवर २५ अंश. अंधार-उजेडाची दोन दिवसांची गडबड निरोगी शॅमेलिऑन सहन करतो. थंड आणि ओलं एकत्र लांबलं की पंचाईत.

२३ जुलै

काल रात्री लाईट आली. आज सकाळी तात्या बल्बखाली बसूनही गडद. तोंड अर्धवट उघडं, मान वर. कान जवळ नेला तर श्वासाबरोबर बारीक टिकटिक ऐकू आली. उन्हाळ्यात तोंड उघडणं म्हणजे गरम होतंय; २८ अंशांवर तोंड उघडं म्हणजे श्वसनाचा संसर्ग. दुपारी एक डोळाही मिटलेला. दिवसा डोळे मिटलेला शॅमेलिऑन आजारी समजायचा, वाट बघायची नाही. व्हिडिओ करून कोल्हापूरच्या पशुवैद्यांना पाठवला. उद्या घेऊन या म्हणाले.

२४ जुलै

पहाटे निघालो. कापडी पिशवीत फांदीचा तुकडा, पिशवी खोक्यात, खोकं मांडीवर. घाटात गारवा होता म्हणून गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवली होती.

डॉक्टरांनी वजन केलं, तोंड उघडून घशातला चिकट स्राव कापसाच्या काडीवर घेतला, पुढच्या पायात प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं. पुढचे डोस तोंडाने. सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं: सरपटणाऱ्या प्राण्याची प्रतिकारशक्ती अंगाच्या तापमानावर चालते, अंग थंड असेल तर औषधही निम्मंच काम करतं. बल्ब दोन अंश वाढवा, खोली कोरडी करा, पाणी तोडू नका. औषधाचं नाव इथे लिहीत नाही, कारण डोस वजनावर ठरतो आणि वाचणारा आपल्या मनाने देईल.

२५ जुलै

तोंडात औषध घालायचं कसं याची धास्ती होती. तात्यानेच सोडवली. सिरिंज समोर आली की अंग काळपट करतो, चपटं करून आडवं वाढवतो, हिस्स करून जबडा सताड उघडतो. तेवढ्यात थेंब जिभेच्या बाजूला. चिडका स्वभाव उपयोगी पडला.

बॅटरी आणखी एक घेतली. आता बल्बसुद्धा दिवसाला पाच-सहा तास चालू शकतो.

६ ऑगस्ट

टिकटिक नाही. मान सरळ. पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकावरून रातकिडा बघून चालत आला आणि फूटभर अंतरावरून जीभ मारली. जीभ अंगाच्या दीडपटीहून लांब जाते, डोळ्याला फक्त फटका दिसतो. वजन १३९, भरून येईल. औषधाचा कोर्स ठरल्याप्रमाणे पूर्ण केला, बरा दिसतो म्हणून मध्येच सोडला नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

घरात चाकरमानी, अगरबत्त्या, भजन, फटाके. तात्याला आदल्या दिवशीच माडीवरच्या मागच्या खोलीत हलवलं, तीन बाजूंना चादर. धूर वर चढतो, म्हणून दार बंद आणि पंखा चालू. तरी पोरं येणारच.

"काका, लाल कपड्यावर ठेवला की लाल होतो ना?"

नाही होत. खालच्या कपड्याशी त्याला देणंघेणं नाही. कातडीत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर तो कमीजास्त करतो आणि त्याप्रमाणे परावर्तित होणारा रंग बदलतो. हे जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनवर दाखवून दिलं. रंग सांगतो तो त्याची तब्येत आणि मिजास. पहाटे गडद असतो, कारण गडद अंग ऊब लवकर ओढतं. झोपेत फिकट हिरवा. दुसरा नर दिसला, किंवा पोरांनी आरसा धरला, की पिवळे-निळसर पट्टे भडक. आरसा काढून घेतला. पोरांना गंमत वाटते, तो मात्र तासभर उपाशी फुरफुरत बसतो.

हातावर घेऊ द्या म्हणणाऱ्यांना सरळ नाही. हा कुत्र्यामांजरासारखा लळा लावणारा प्राणी नव्हे. बघायचा.

१८ सप्टेंबर

पावसाने उघडीप दिली. सकाळी आठला लहान जाळीच्या पिंजऱ्यातून अंगणात अर्धा तास ऊन. निम्मा पिंजरा सावलीत ठेवायचाच, त्याला नको वाटलं तर सरकता आलं पाहिजे. ट्यूब कितीही चांगली असली तरी उन्हाला तोड नाही. वर घारी फिरतात, सोडून जाता येत नाही. चहा तिथेच.

५ ऑक्टोबर

वाडीतला एक मुलगा बरणीत घोयरा घेऊन आला. आपला देशी शॅमेलिऑन, काजूच्या बागेत सापडलेला. "दादा, तुमच्याकडे पिंजरा आहे ना, ठेवा."

देशी घोयरा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. पकडणं, पाळणं, विकणं, सगळा गुन्हा. माझ्याकडे परदेशी जातीची नोंद आहे म्हणून देशी ठेवायची मुभा मिळत नाही. १९२६ वर वनविभागाला फोन लावला. जनावर ठणठणीत होतं, त्यांच्या सांगण्यावरून ज्या काजूवरून आणलं तिथेच परत ठेवलं. मुलगा बरोबर आला. पावसाळ्यानंतर या माद्या अंडी घालायला जमिनीवर उतरतात, रस्ते ओलांडतात, गाडीखाली येतात. जे वाचतात त्यांना विषारी म्हणून दगड. घोयऱ्याला विष नसतं.

परतल्यावर साबणाने हात धुऊन कपडे बदलले, मगच तात्याच्या खोलीत. रानातले परजीवी इकडे नकोत, आणि इकडचे रानात तर नकोतच. उद्या कंटाळा आला म्हणून कोणी व्हेल्ड बाहेर सोडला तर काय होतं ते फ्लोरिडा आणि हवाईत दिसलंय. तिथे पाळलेले सुटले आणि रानात पसरले. इथली हवा तर त्यांना आयती.

१६ ऑक्टोबर

ऑक्टोबरचा उकाडा. दुपारी खोलीतच ३३. बल्ब बारा ते चार बंद, ट्यूब चालू. आर्द्रता ५५. आता फवारा परत सुरू केला, तोही दिवे मालवल्यावर रात्री.

८ नोव्हेंबर

विष्ठेची तपासणी करून आणली: कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) नाही, कृमी नाहीत. वजन १५१. आता दर सहा महिन्यांनी तपासायचं. घरातली पाल रातकिड्यांच्या क्रेटवर येते, ती खाते तिथेच घाण करते आणि रोग तिथूनच शिरतो. क्रेटच्या झाकणाला दुसरी जाळी.

२२ नोव्हेंबर

शेजारच्या बागेत मोहोरापूर्वीची पहिली फवारणी. अण्णांनी आदल्या संध्याकाळी निरोप दिला, तसं ठरवून घेतलंय. पश्चिमेच्या खिडक्या बंद, पंखा बंद, वर प्लास्टिक. फवारा ओसरल्यावर चार तासांनी पूर्वेची खिडकी उघडली. पिंजऱ्याशेजारी एका डब्यात दहा रातकिडे मुद्दाम ठेवले होते. ही कीटकनाशकं किड्यांना आधी लागतात, त्यामुळे हवेत काही आलं असतं तर तिथे कळलं असतं. दहाही जिवंत.

मोहोर संपेपर्यंत असं पुन्हा पुन्हा होणार. निम्मे रातकिडे आज मावशीकडे कणकवलीला नेऊन ठेवले, म्हणजे इथला क्रेट एखाद्या फवारणीत गेला तरी तात्याचं ताट मोकळं राहणार नाही. मावशीला रातकिड्यांचा आवाज चालतो, फक्त देवघराजवळ ठेवू नको म्हणाली.